युनायटेड किंग्डम वगळून

इंग्रजी राजवटीचा जमाखर्च मांडताना जमेच्या बाजूला रेल्वे आणि टपालाच्या जोडीला हल्ली आणखी एक रक्कम लिहिली जाते: बंदरांना लागलेली शिस्त. जहाज कंपन्यांच्या गौरवग्रंथांत ती असते, आणि समुद्री इतिहासावर हौसेने बोलणाऱ्या मंडळींच्या तोंडी तर हमखास असते. युक्तिवाद साधारण असा. एकोणिसाव्या शतकातले बंदर म्हणजे गुत्ते, दलाल आणि उचल घेऊन पसार होणारे खलाशी. व्यापारी जहाजांच्या कायद्यांनी हा सावळा गोंधळ आवरला. खलाशाला शिपिंग मास्टर या सरकारी अधिकाऱ्यासमोर लेखी करार मिळाला, पगाराचा हिशेब मिळाला, मायदेशी परत आणण्याची हमी मिळाली. त्या बदल्यात करार मोडून जहाज सोडणे हा गुन्हा ठरला. करार दोघांनाही बांधतो, मग खलाशाच्या नावाने आता गळा काढण्याचे कारण काय?

कारण एवढेच की हा युक्तिवाद करणाऱ्यांनी कायदा उघडून पाहिलेला दिसत नाही.

तो उघडू या. 1894चा ब्रिटिश मर्चंट शिपिंग ॲक्ट हा आधीच्या चाळीस वर्षांतल्या कायद्यांची मोट बांधणारा ग्रंथराज. त्यातले कलम 221 जहाज सोडून पळणाऱ्या खलाशाबद्दल आहे. पळालेल्याचे जहाजावर राहिलेले सामान जप्त होऊ शकते. तोवर कमावलेला पगार बुडू शकतो. परदेशात पळाला असेल तर मायदेशी परतेपर्यंत दुसऱ्या जहाजावर जे कमावेल तेही बुडू शकते. आणि याशिवाय बारा आठवड्यांपर्यंत कैद, न्यायाधीशाच्या मर्जीप्रमाणे सक्तमजुरीसह किंवा तिच्याविना. मात्र कैदेच्या तरतुदीला एक अपवाद जोडलेला आहे. ही शिक्षा सगळीकडे लागू, फक्त युनायटेड किंग्डम वगळून.

म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच जहाजावरून एकाच करारावर सही केलेला माणूस लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरून चालू लागला तर पैशाचे नुकसान सोसून मोकळा, आणि तोच मुंबई, कोलंबो किंवा सिंगापूरच्या धक्क्यावर उतरला तर तुरुंगात. शिस्त हा जहाजाचा प्राण आहे, तिच्यावाचून जहाज चालत नाही, असे जे आपल्याला सांगितले जाते ते खरे असेल तर लिव्हरपूलची जहाजे कशी चालत होती?

हा अपवाद नजरचुकीने आलेला नव्हता. इंग्लंडमध्ये 1875च्या कायद्याने मालक-नोकर करार मोडल्याबद्दल कामगाराला तुरुंगात टाकण्याची जुनी पद्धत बंद केली. गिरणीतला, खाणीतला, शेतावरचा मजूर त्या दिवसापासून कराराच्या बाबतीत मालकाचा समान पक्षकार झाला, निदान कागदावर. खलाशांना त्यातून वगळले होते. त्यांनी ओरड केली, त्यांच्या बाजूने पार्लमेंटात बोलणारे लोक होते, आणि पाच वर्षांनी, 1880 साली, ब्रिटनच्या बंदरांपुरती पळून जाण्याबद्दलची कैद रद्द झाली. वसाहतींच्या बंदरांतल्या खलाशासाठी पार्लमेंटात बोलणारे कोणी नव्हते, म्हणून तिथे कैद राहिली. शिस्तीचा, सुरक्षिततेचा, समुद्राच्या धोक्यांचा या फरकाशी सुतराम संबंध नाही. ज्याला मत होते त्याची बेडी सुटली, ज्याला नव्हते त्याची राहिली.

हिंदुस्थानात तर 1859 या एकाच वर्षी दोन कायदे आले. त्या वर्षाचा पहिला कायदा व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचा, आणि तेरावा कारागीर-मजुरांनी उचल घेऊन काम सोडल्याबद्दलचा. उचल घेतलेल्या मजुराला मॅजिस्ट्रेट काम पुरे करण्याचा हुकूम देणार, न ऐकले तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. दोन्ही कायद्यांचे तर्कशास्त्र एकच: गरिबाचे ऋण दिवाणी कोर्टात फिटत नाही, ते अंगावर वसूल करायचे असते. मजुरांचा तेरावा कायदा पुष्कळ टीकेनंतर 1926पासून मोडीत निघाला. खलाशांचा मात्र 1923 साली नव्याने एकत्र करून, घासूनपुसून पुन्हा कायदेपुस्तकात बसवला गेला, गुन्ह्यांसकट.

आता कलम 221मधली एक ओळ मी मुद्दाम मागे ठेवली होती. पळालेल्या खलाशाच्या जागी कप्तानाला दुसरा माणूस घ्यावा लागला, आणि तो जास्त पगार मागू लागला, तर त्या जास्तीच्या पगाराची भरपाई पळालेल्याने करायची. शिस्तवाद्यांनी ही ओळ शांतपणे वाचावी. बदली माणूस जास्त पगार का मागतो? कारण त्या बंदरात त्या कामाचा चालू भाव तेवढा आहे. म्हणजे पळालेला खलाशी बाजारभावापेक्षा कमी पैशात राबत होता हे कायद्यालाच माहीत होते, इतके माहीत होते की त्याने फरकाच्या वसुलीची तजवीज आधीच करून ठेवली. ज्याला आपण पळून जाण्याचा गुन्हा म्हणतो तो बहुतेक वेळा मजुरीच्या भावातल्या फरकाला दिलेला साधा प्रतिसाद होता, आणि हे कलम त्या भावाला बांध घालण्यासाठी होते.

याची साक्ष हवी तर 1852चे मेलबर्न पाहा. व्हिक्टोरियात सोने सापडले आणि हॉब्सन्स बेमध्ये आलेली जहाजे खलाश्यांवाचून नुसती उभी राहिली. नावाडी खाणींकडे गेले होते, काही ठिकाणी त्यांच्या पाठोपाठ कप्तानही. परतीच्या सफरीसाठी माणूस मिळेना, मिळाला तर मागेल तो पगार द्यावा लागे. वसाहतीच्या सरकारने काय केले? विल्यमस्टाऊनजवळ जुनी जहाजे नांगरून त्यांचे तरंगते तुरुंग केले, आणि त्यांतले ‘डेबोरा’ नावाचे जहाज हट्टी खलाश्यांसाठी राखून ठेवले. हे खलाशी गोरे होते, बहुतेक ब्रिटिश होते, हे मुद्दाम सांगायला हवे. कायदा मुळात रंग पाहून लिहिलेला नव्हता, मजुरी पाहून लिहिला होता. रंगाचा उपयोग पुढे, तो कोणाला लागू ठेवायचा हे ठरवताना झाला.

सुरक्षिततेचा मुद्दा या सगळ्यात वजनदार वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर देणे भाग आहे. भर समुद्रात, वादळात, सुकाणूवरच्या माणसाने हुकूम मानायचा की नाही यावर मतदान घेता येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण जहाज किंवा माणसांचे जीव धोक्यात घालणाऱ्या कृत्याला त्याच कायद्यात स्वतंत्र कलम आहे, हुकूम मोडण्याला वेगळे आहे, आणि अधिकाऱ्यावर हात उगारण्याला आणखी वेगळे. पळून जाणे घडते ते बंदरात, जहाज धक्क्याला बांधलेले असताना, माल चढत-उतरत असताना. त्या क्षणी कोणाचाही जीव धोक्यात नसतो. धोक्यात असते ते कंपनीचे वेळापत्रक. वेळापत्रकाचेही मोल असते, नाही असे नाही. पण त्यासाठी माणसाला तुरुंगात घालायचे असेल तर तो नियम आगगाडीच्या ड्रायव्हरलाही लावा, आणि लावत नसाल तर समुद्राचे नाव मध्ये घेऊ नका.

राहिला करार. या शब्दावर शिस्तवाद्यांची फार भिस्त आहे, आणि इथेच त्यांचा पाय सर्वांत खोल रुततो.

मुंबईहून निघणाऱ्या बोटींवरची माणसे कोण होती हे कोकणात सांगायला नको. डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. सलूनमध्ये आणि भटारखान्यात गोव्याचे ख्रिस्ती, मुंबईतल्या गावागावांच्या कुडांमध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहून बोटीची वाट पाहणारे. इंजिनखान्यात कोळशापुढे पंजाबी आणि पठाण. इंग्रजी कागदपत्रांत हे सगळे लास्कर. त्यांचा पगार युरोपीय खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाएवढा. त्यांच्यासाठी करारही वेगळा होता. 1894च्या कायद्याच्या कलम 125ने मालकाला अशी मुभा दिली की हिंदुस्थानात लास्कराकडून असा करार करून घ्यावा: तो विलायतेच्या बंदरापर्यंत खलाशी म्हणून किंवा नुसता उतारू म्हणून जाईल, आणि तिथे हिंदुस्थानाकडे निघालेले जे जहाज असेल त्यावर काम करण्याचा पुढचा करार करील. कोणते जहाज, कोणता कप्तान, हे सही करताना माहीत नाही. आणि विलायतेत पोचल्यावर त्याने या पुढच्या करारावर सही करायला नकार दिला तर? कायदा म्हणतो, तर त्याने सही केली आहे असेच धरावे आणि करार मोडणाऱ्याला जे भोगावे लागते ते सारे त्याला भोगायला लावावे.

न केलेली सही केलेली मानण्याची ही युक्ती ज्या कायद्यात आहे, त्याचा बचाव कराराच्या पावित्र्याने कसा होणार? संमती हा कराराचा आत्मा, असे आपण वकिलीच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. इथे नकार हीच संमती ठरते. यावर उत्तर मिळते की तिथल्या अधिकाऱ्याने जहाज योग्य आहे, करार योग्य आहे, असा दाखला द्यायचा असे. असे खरे. सही खलाशाची, आणि समाधान अधिकाऱ्याचे.

मायदेशी परत आणण्याच्या हमीची गोष्टही याच कलमातून उलगडते. लास्करांना विलायतेत बेवारस सोडले जाऊ नये म्हणून कायदा होता, हे बरोबर आहे, आणि त्याची गरजही होती. लंडनच्या थंडीत उघड्यावर पडलेल्या हिंदी खलाशांचे हाल इतके चव्हाट्यावर आले की 1857 साली लाइमहाउसमध्ये आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्रांतल्या बेटवासी खलाशांसाठी वसतिगृह उघडावे लागले. त्याचा पाया आदल्या वर्षी राणीच्या यजमानांनी, प्रिन्स ॲल्बर्टनी घातला. दयाळू माणसांनी दया दाखवली, त्याबद्दल तक्रार नाही. पण परत पाठवण्याची हमी आणि राहण्याची बंदी यांत जो फरक आहे तो खलाशाला विचारावा. विलायतेत उतरून युरोपीय करारावर नोकरी धरली तर तिप्पट-चौपट पगार मिळेल हे त्याला दिसत होते. हमीच्या नावाखाली त्याला त्या बाजारातून उचलून परत स्वस्त बाजारात नेऊन सोडले जात होते. परत जायचे की नाही हे त्याच्यावर सोपवले असते तर तिला हमी म्हणता आले असते.

आणि तो होता तरी कोण? 1823च्या कायद्याने ठरवले की लास्कर राजाची प्रजा असला तरी ब्रिटिश खलाशांच्या मोजणीत तो ब्रिटिश खलाशी धरायचा नाही. शतकानंतर, 1925च्या आदेशाने, ब्रिटनमधल्या काळ्या-तपकिरी खलाशांना कागदपत्राने प्रजाजनत्व सिद्ध करता आले नाही तर परकीय म्हणून नोंद करायला लावले. दोन्ही वेळा हक्कांच्या रांगेत तो परका ठरला. शिक्षेच्या रांगेत मात्र ब्रिटिश जहाजावरचा ब्रिटिश कायद्याखालचा खलाशी म्हणून त्याची जागा पक्की होती.

करार दोघांनाही सारखाच बांधत होता, हे म्हणणे तर तपासायला पाच मिनिटे पुरतात. कप्तानाने खलाशाला जबरदस्तीने परक्या बंदरात उतरवले तर तो गुन्हा होता, हे मान्य. पण मालकाने पगारच दिला नाही तर? परदेशी जाणाऱ्या जहाजावर शिक्षा एवढीच की हिशेब होईपर्यंत पगार चालू राहतो, तोही मालकाकडे काही रास्त वाद नसेल तर. किनाऱ्यालगत व्यापार करणाऱ्या जहाजावर उशिराच्या प्रत्येक दिवसाला दोन दिवसांचा पगार, आणि तोही जास्तीत जास्त दहा दिवसांपुरता. मजुरी अडवणाऱ्याला दहा दिवसांचा दुप्पट पगार, श्रम अडवणाऱ्याला बारा आठवड्यांची सक्तमजुरी. याला समतोल म्हणायचे असेल तर तराजू कोणाचा होता तेही सांगावे.

उचल घेऊन पळणाऱ्या लबाड खलाशाची कथा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. असे खलाशी होते. परंतु उचल कोणाच्या खिशात जात होती? बोट मिळवण्यासाठी दलालाला, सारंगाला पैसे चारावे लागत. बोटीची वाट पाहताना महिनोन्‌महिने घरभाडे आणि खानावळ उधारीवर चाले. ही भरती-पद्धत इतकी सडलेली होती की सरकारलाच 1922 साली क्लो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि तिने दलालांना बाजूला सारून सरकारी भरतीकेंद्रे काढा असे सुचवले. ती सूचना वर्षानुवर्षे धूळ खात पडली. खलाशाला पकडण्याच्या तरतुदीला मात्र कधी वाट पाहावी लागली नाही. शिवाय पळालेला माणूस गुन्हेगार ठरला की त्याला लपायला जागा लागते, आणि ती देतो तो पुन्हा दलालच. ज्या दलालांपासून वाचवण्यासाठी कायदा केला म्हणतात, त्यांच्या हाती तो खलाशाला गुन्हेगार करून सोपवत होता.

त्या काळी सगळे जगच असे होते, हा शेवटचा बचाव. नव्हते. अमेरिकेत 1895 साली ‘अरॅगो’ नावाच्या जहाजावरून चार खलाशी ऑरेगनमधल्या अस्टोरियाला उतरून गेले. त्यांना पकडून तुरुंगात ठेवले आणि जहाज निघायच्या वेळी बळेच त्यावर चढवले. त्यांनी काम करायला नकार दिला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गुलामगिरी आणि वेठ बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती खलाशाला लागू नाही का, हा प्रश्न होता. 1897 साली बहुमताने उत्तर दिले, नाही. खलाशाचा करार पूर्वापार वेगळाच मानला गेला आहे, आणि खलाशाला अजाण मुलासारखे सांभाळावे लागते. न्यायमूर्ती हार्लन एकटे विरोधात गेले. ज्या माणसावर भर समुद्रात इतरांचे जीव सोपवतात तो धक्क्यावर पाऊल ठेवताच अजाण बालक कसा होतो, हे बहुमताने कुठे सांगितल्याचे मला आढळले नाही. अठरा वर्षांनी, 1915च्या ला फॉलेट कायद्याने अमेरिकेने ही कैद काढून टाकली, आणि परदेशी जहाजांवरून पळालेल्यांना पकडून देण्याचे तहही गुंडाळले.

या कायद्यामागे अँड्र्यू फ्युरुसेथ हा नॉर्वेत जन्मलेला खलाशी-पुढारी होता. त्याचे गणित साधे होते: अमेरिकेच्या बंदरात कोणत्याही जहाजावरचा खलाशी निर्भयपणे उतरू शकला, तर मालकांना त्याला टिकवण्यासाठी तिथला पगार द्यावा लागेल, आणि जगभरचे पगार वर चढतील. हा गृहस्थ आशियाई खलाशांचा द्वेष करणारा होता, आणि त्याच कायद्यात जहाजावरच्या भाषेची अट घालून त्याने त्यांना बाहेर ठेवायचा प्रयत्न केला. म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. पण पळून जाण्याचा गुन्हा आणि पगाराचा भाव यांचे नाते त्याने जितके स्वच्छ ओळखले, तितके आपल्या समुद्री इतिहासकारांना शंभर वर्षांनंतरही ओळखता आलेले नाही.

1939च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. सुरुंग आणि पाणबुड्यांच्या समुद्रात जुन्याच पगारावर जायला हिंदी खलाशांनी नकार दिला, आणि ब्रिटनच्या, दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत एकामागून एक बोटी अडल्या. विलायतेत पळून जाण्याबद्दल तुरुंग नव्हता, पण हुकूम न पाळण्याबद्दल होता. तो वापरला गेला आणि शेकडो खलाशी आत गेले. तरी माघार घ्यावी लागली ती कंपन्यांना. वर्ष संपण्यापूर्वी पगारवाढ कबूल करावी लागली. कायद्याच्या जोरावर इतकी वर्षे जो भाव दाबून ठेवला होता, तो खलाशांनी तुरुंगात बसून काही आठवड्यांत हलवला. त्या युद्धात हिंदी खलाशांतले सुमारे 6,600 जण मेले. शिस्त नव्हती म्हणून मेले, असे कोणी म्हणू धजणार नाही.

स्वातंत्र्यानंतर हे सगळे संपले असे समजू नये. 1958च्या आपल्या मर्चंट शिपिंग ॲक्टने जुनी चौकट तशीच उचलली. कलम 191ने जहाज सोडून जाणे गुन्हाच ठेवले. पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या कायद्यांतही हाच वारसा राहिला, आणि खलाशाला तुरुंगात टाकणे, बळेच जहाजावर चढवणे म्हणजे वेठ आहे, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची तज्ज्ञ समिती त्यांना पुन्हापुन्हा सुनावत आली. श्रमशिस्तीसाठी सक्तीचे श्रम लादू नयेत, असे सांगणारा त्या संघटनेचा 1957चा आंतरराष्ट्रीय करार भारताने मान्य केला तो 2000 साली.

दरम्यान पळून जाणाऱ्यांची बाजू बदलली आहे. आज खलाशापेक्षा मालकच जास्त पळतो. पगार थकवतो, इंधन-पाणी बंद करतो, फोन उचलत नाही, आणि जहाज माणसांसकट परक्या बंदरात सोडून देतो. बंदराच्या अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या माणसांना उतरताही येत नाही. 2017पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अशा वेळी विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि परतीचे भाडे मिळते; बारा आठवड्यांची सक्तमजुरी मालकासाठी कोणी सुचवलेली नाही. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नोंदींप्रमाणे 2024 साली मालकांनी असे वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सर्वांत जास्त भारतीय होते.